विहारातील बिऱ्हाड : अजिंठ्याची लेणी चित्रकारांची कार्यशाळा कशी झाली?

१/ भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी हे प्राचीन गाव आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीच्या मातीखालून एक बौद्ध स्तूप आणि त्याच्या कठड्याचे कोरीव अवशेष उजेडात आले. त्यांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे आहेत. एका राजाने नव्हे, तर अनेकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे दगड देऊन ते स्थान उभे केले होते. कालांतराने उपासक पांगले, भिक्षू निघून गेले, आणि टेकडीला दुसऱ्याच देवाचे नाव मिळाले.

२/ अशा प्रत्येक स्थळापुढे एक प्रश्न उभा राहतो. ज्या संघासाठी वास्तू बांधली तो संघच उरला नाही, तर वास्तूने पुढे काय व्हावे? इतिहासाने याची तीन उत्तरे वारंवार दिली आहेत : दुसऱ्या पंथाचे उपासनास्थान, वस्तुसंग्रहालय, किंवा गुरांचा निवारा. चौथे उत्तर विरळा आहे. कलावंतांनी तेथे एकत्र येऊन राहावे, काम करावे आणि परस्परांकडून शिकावे, हे ते उत्तर. महाराष्ट्रात हे उत्तर एकदा, नकळत का होईना, प्रत्यक्षात आले. त्याचे स्थळ अजिंठा.

३/ युरोपात याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. फ्रीडरिश ओव्हरबेक, फ्रान्झ फोर आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी १८०९ मध्ये व्हिएन्नात संत लूक यांच्या नावाने चित्रकारांचा बंधुसंघ काढला. पुढच्याच वर्षी त्यांतले काहीजण रोमला गेले. नेपोलियनच्या काळात रिकाम्या झालेल्या सांत इसिदोरो मठात त्यांनी बिऱ्हाड थाटले. एकेकाची एकेक खोली, आणि चर्चा मात्र सर्वांची मिळून. ‘नाझरीन’ म्हणून ओळखला गेलेला हा गट मठाची शिस्त उचलून चित्रकलेत आणू पाहत होता. अजिंठ्याची कथा याहून वेगळी आहे. तिची सुरुवात बंधुभावातून झाली नाही. ती सरकारी आदेशातून झाली.

४/ आधी वास्तू समजून घ्यावी. वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावर, उभ्या कड्यात सुमारे तीस लेणी खोदलेली आहेत. त्यांतील ९, १०, १९, २६ आणि अपूर्ण राहिलेले २९ ही चैत्यगृहे. बाकी बहुतेक विहार, म्हणजे निवासस्थाने. खोदकामाचे दोन टप्पे स्पष्ट दिसतात : एक इसवी सनापूर्वीचा, सातवाहनकालीन, दुसरा पाचव्या शतकातील, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातला. लेणे क्र. १६ हरिषेणाचा सचिव वराहदेव याने संघाला अर्पण केले, असे तेथील शिलालेखावरून कळते.

५/ विहार म्हणजे काय, हे लेणे क्र. १२ मध्ये सर्वांत सोपेपणाने कळते. मध्यभागी चौरस दालन, तीन बाजूंना चार-चार खोल्या, प्रत्येक खोलीत दगडातच कोरलेले दोन ओटे. झोपण्यापुरती जागा एकेकाची, बाकी सारे सामाईक. विनयाच्या नियमांप्रमाणे भिक्षूंनी वर्षभर चारिका करावी आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहावे, तोच वर्षावास. अशा वर्षावासाच्या गरजेतूनच निवासी विहारांची परंपरा वाढली. एकांत आणि सहवास यांचा मेळ घालण्याची ही भारतातील फार जुनी स्थापत्ययुक्ती होय.

६/ पाचव्या शतकात या भिंती रंगल्या त्या खऱ्या ‘फ्रेस्को’ पद्धतीने नव्हेत. खडबडीत खडकावर माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा. त्यावर चुन्याचा पातळ थर. आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ हे साधे रंग. निळा मात्र अफगाणिस्तानातील बदख्शानकडून आलेल्या राजवर्ती दगडाचा. ही माहिती पुढे महत्त्वाची ठरते. कारण मातीच्या भिंतीवरच्या या कोरड्या रंगाला काय सोसते आणि काय सोसत नाही, यावरच पुढील शतकातील बरेवाईट अवलंबून होते.

७/ हरिषेणानंतर राजाश्रय आटला. काम अर्धवट राहिले, वस्ती विरळ होत गेली. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या मद्रास घोडदळातील अधिकाऱ्याने लेणे क्र. १० मधील एका खांबावर आपले नाव व तारीख कोरली. याला ‘शोध’ म्हणण्याची प्रथा आहे. आसपासच्या वस्त्यांना लेणी ठाऊक होतीच. नवे होते ते बाहेरच्या जगाचे कुतूहल. त्या कुतूहलाबरोबर उपद्रवही आला. पाहुण्यांनी नावे कोरली, काहींनी चित्रांचे तुकडे खरवडून नेले. रिकामा विहार राखायला कोणीच नव्हते.

८/ जेम्स फर्ग्युसन या स्थापत्येतिहासकाराने १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांविषयी निबंध वाचला आणि ही चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या प्रतिकृती कराव्यात, असा आग्रह धरला. कंपनी सरकारने १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल याची नेमणूक केली. गिल अजिंठा गावात राहिला, वर्षानुवर्षे लेण्यांत जात राहिला आणि मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात प्रती करत राहिला. पुढे त्याने छायाचित्रणही आत्मसात केले. हा निवास दीर्घ होता, पण एकट्याचा होता.

९/ गिलच्या सुमारे तीस चित्रांपैकी बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली आणि दोन दशकांचे काम जवळजवळ संपूर्ण जळून गेले. मोजकीच चित्रे वाचली. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. अजिंठा गावात पारो या त्याच्या सहचरीची कबर आहे. लोकांच्या स्मरणात गिल उरला तो बहुधा या प्रेमकथेमुळे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र दुसरी गोष्ट ठळक दिसते : गिलच्या हाताखाली चित्रकारांची पिढी तयार झाली नाही. त्यामुळे चित्रे जळाली तेव्हा त्यांच्यासोबत जवळजवळ सारेच गेले.

१०/ आता दुसरा अंक. जॉन ग्रिफिथ्स हा वेल्श चित्रकार १८६५ मध्ये मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिक्षक म्हणून आला. गिलची चित्रे जळाल्यावर पुन्हा प्रती करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा त्याने एक निराळी गोष्ट केली. एकट्या कलावंताऐवजी त्याने शाळेचे विद्यार्थी सोबत घेतले. १८७२-७३ च्या हिवाळ्यात काम सुरू झाले आणि काही खंड पडत १८८५ पर्यंत चालले. तयार झालेल्या प्रतींची संख्या तीनशेच्या आसपास होती. सर्वांत मोठ्या प्रती सुमारे सहा मीटर लांब आणि तीन मीटर उंच आहेत.

११/ येथे एक विलक्षण उलटापालट दिसते. भिक्षू पावसाळ्यात एका जागी थांबत आणि एरवी चालत राहत. चित्रकार हिवाळ्यात येत आणि इतर ऋतूंत मुंबईला असत. तरीही दिनक्रमाचे साम्य नजरेत भरते. शहरापासून दूर, एकाच कामासाठी जमलेली माणसे. एकाच भिंतीपुढे दिवसचे दिवस बसणे. मोठी प्रत एकाच्या हातून होत नाही म्हणून कामाची वाटणी. विहारातून उपासना गेली होती, पण एकाग्रता परत आली होती. फरक इतकाच की, या ‘संघा’चा नियम कलाशाळेने ठरवला होता आणि खर्च सरकार करत होते.

१२/ या शिबिरांतून काय शिकले गेले? कलाशाळेत तोपर्यंत ग्रीक पुतळ्यांच्या साच्यांवरून रेखाटन करणे हाच मुख्य अभ्यास. अजिंठ्यात त्या विद्यार्थ्यांना प्रथमच भारतीय रेषा, भारतीय चेहरे आणि छतांवरचे कमळ-हंसांचे नक्षीकाम हातांनी गिरवावे लागले. ते नक्षीकाम पुढे कलाशाळेत घडणाऱ्या मातीच्या भांड्यांवरही उतरले. या चमूतील पेस्तनजी बोमनजी पुढे व्यक्तिचित्रांसाठी आणि पारशी घरांतील प्रसंगचित्रांसाठी नावाजले. जगन्नाथ अनंत यांच्यासारख्या सहकाऱ्यांची नावे लंडनच्या संग्रहातील प्रतींच्या नोंदींत आढळतात.

१३/ पण या कामाची दुसरी बाजू टाळता येत नाही. चित्रे नीट दिसावीत म्हणून भिंतींवर वॉर्निश चढवले गेले. ओले केल्यासारखा रंग क्षणभर उजळतो, आणि नकलाकाराला तेवढे पुरते. परंतु मातीच्या गिलाव्यावर तो थर धूळ धरतो, पिवळा-काळा पडतो आणि आकसताना खालचा रंगही ओढून घेतो. चित्रे वाचवण्यासाठी आलेल्यांनीच चित्रांना इजा केली. हेतू निर्मळ होता, ज्ञान अपुरे होते. संवर्धनाच्या इतिहासात ही जोडी पुन्हा पुन्हा भेटते.

१४/ आणि मग दुसरी आग. ग्रिफिथ्सच्या प्रती लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयात पाठवल्या होत्या. १८८५ मध्ये तेथील साठवणीच्या भागाला आग लागून शंभरांहून अधिक चित्रे नष्ट झाली. आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गिल आणि ग्रिफिथ्स या दोघांच्या काळातील मिळून १६६ प्रती उरल्या आहेत. १९५५ नंतर त्या तेथे कायमस्वरूपी प्रदर्शनात नाहीत. खानदेशच्या सीमेवरील विहारात मुंबईच्या विद्यार्थ्यांनी घडवलेले हे काम बहुतांश काळ लंडनच्या कोठारातच राहिले.

१५/ तरीही ही आग पहिल्या आगीसारखी सर्वस्व नेणारी ठरली नाही. एक कारण म्हणजे ग्रिफिथ्सने १८९६-९७ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेला सचित्र ग्रंथ. त्यामुळे अजिंठ्याची चित्रे जगभरच्या ग्रंथालयांत पोहोचली. दुसरे कारण अधिक खोल आहे. या वेळी शिकलेले हात बारा-तेरा हिवाळ्यांनंतर अनेक झाले होते. कागद जळतो, कॅनव्हास जळतो. पण शिबिरात वाटले गेलेले कौशल्य एका छपराखाली साठवलेले नसते.

१६/ तिसरा अंक सर्वांत गाजलेला. क्रिस्टियाना हेरिंगहॅम (१८५२–१९२९) ही इंग्रज चित्रकर्ती जुन्या टेंपेरा तंत्राची जाणकार होती; चेनिनो चेनिनी या इटालियन चित्रकाराच्या मध्ययुगीन ग्रंथाचा तिचा इंग्रजी अनुवाद १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. १९०६ मध्ये तिने अजिंठा पाहिले. तैलरंगातील जुन्या प्रतींत मूळ भिंतीचा कोरडा, शांत पोत उतरलेला नाही, हे टेंपेराच्या जाणकार नजरेला सहज कळण्यासारखे होते. १९०९-१० आणि १९१०-११ असे दोन हिवाळे तिने अजिंठ्यात काम केले.

१७/ काळ स्वदेशीचा होता. बंगालची फाळणी १९०५ मध्ये झाली होती आणि कलकत्त्यात अवनींद्रनाथ ठाकूर यांच्याभोवती नवी चित्रशैली आकार घेत होती. आपल्या तरुण चित्रकारांनी अजिंठा छायाचित्रांतून नव्हे, भिंतीसमोर बसून शिकावा, असा आग्रह भगिनी निवेदिता यांनी धरला. नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि म्हैसूरचे के. व्यंकटप्पा अशी ही मंडळी अजिंठ्याला आली. पहिल्या हिवाळ्यात नंदलाल सत्तावीस वर्षांचे होते आणि हालदार अवघे एकोणीस.

१८/ हैदराबाद संस्थानाच्या बाजूने सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन काझी हे चित्रकार आले. इंग्लंडहून डोरोथी लार्चर ही तरुण चित्रकर्ती. लेण्यांपासून काही मैलांवर फर्दापूरला तंबू पडले. या छावणीकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. निजामाचा मुलूख, बंगालचे हिंदू तरुण, हैदराबादचे मुसलमान चित्रकार, प्रौढ इंग्रज चित्रकर्ती, आणि सर्वांसमोर बौद्ध जातककथा. जाती, धर्म आणि राज्यकर्ते-प्रजा या भिंती त्या काळी इतर फारच थोड्या ठिकाणी अशा तऱ्हेने बाजूला ठेवल्या गेल्या असतील. बाहेरची विषमता अर्थातच संपली नव्हती. छावणीचे नेतृत्व इंग्रज बाईंकडेच होते. परंतु हातातली कुंचली सर्वांना सारखेच काम सांगत होती.

१९/ आधीच्या शिबिरांत विद्यार्थी प्रती करत होते त्या संग्रहालयासाठी. या शिबिरात आलेले बंगाली तरुण प्रती करत होते त्या स्वतःच्या भविष्यासाठी. हा भेद महत्त्वाचा आहे. नक्कल तीच, पण एकीकडे ती पाठवायची वस्तू होती, दुसरीकडे ती साधना होती. हालदारांनी परतल्यावर अजिंठ्यावर बंगालीत पुस्तक लिहिले. हेरिंगहॅमच्या चमूच्या प्रती १९११ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात मांडल्या गेल्या, तेही पुन्हा क्रिस्टल पॅलेसमध्येच. १९१५ मध्ये इंडिया सोसायटीने त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

२०/ स्वतः हेरिंगहॅमला तो ग्रंथ खऱ्या अर्थाने अनुभवता आला नाही. १९११ मध्ये परतल्यावर तिचे मानसिक स्वास्थ्य ढासळले आणि मृत्यूपर्यंतची सुमारे अठरा वर्षे तिने मनोरुग्णालयांत काढली. गिलच्या एकांतामागे जशी एक दुःखकथा आहे, तशीच या सामूहिक छावणीमागेही आहे. लेण्यांच्या शापाच्या कथा अशा वेळी सहज रचल्या जातात. त्यांत तथ्य नाही. एवढे खरे की, ज्यांनी हे काम उभे केले त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला त्याचे फळ आले नाही.

२१/ फळ आले ते नंदलालांच्या पुढील आयुष्यात. १९१९ मध्ये शांतिनिकेतनात कलाभवन सुरू झाले. त्याची धुरा पुढे त्यांनी दीर्घकाळ वाहिली. गुरू व विद्यार्थ्यांनी एकत्र राहावे, भिंती एकत्र रंगवाव्यात, सहलीला एकत्र जावे आणि निसर्गासमोर बसून रेखाटावे, ही तेथील रीत. ती केवळ अजिंठ्यातून आली असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल; रवींद्रनाथांच्या शिक्षणविचाराचा तो पाया होता. पण भिंतीवरचे चित्र हे एकट्याचे काम नसते, याचा प्रत्यक्ष अनुभव नंदलालांनी लेण्यांतून नेला होता. १९२१ मध्ये ग्वाल्हेर संस्थानासाठी बाघ लेण्यांच्या प्रती करताना नंदलाल, हालदार आणि सुरेंद्रनाथ कर पुन्हा तसेच एकत्र राहिले.

२२/ या प्रवासाचे एक वर्तुळ महाराष्ट्रातच पूर्ण झाले. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच खेड्यात, खानदेशातील फैजपूरला भरले. गांधीजींच्या इच्छेप्रमाणे नंदलालांनी तेथील नगरीची सजावट बांबू, गवत, चटया अशा गावातच मिळणाऱ्या वस्तूंतून केली. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या मुलखाच्या सीमेवर ते तंबूत राहून शिकले, तेथेच ते शिष्यांसह घडवणारे म्हणून परतले. पुढे भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखिताची चित्रसजावट नंदलाल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केली. तेही सामूहिक काम होते.

२३/ हैदराबादच्या चित्रकारांचा वारसा निराळ्या दिशेने गेला. संस्थानाने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन केले. गुलाम याझदानी त्याचे संचालक झाले. सय्यद अहमद लेण्यांचे अभिरक्षक झाले आणि प्रती करण्याचे काम त्यांनी पुढे चालवले. १९२० ते १९२२ या काळात लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांकरवी चित्रांचे संवर्धन करून घेण्यात आले. त्यांनी सुटणारा गिलावा स्थिर केला. पण त्यांनी वापरलेल्या लाखेचा थरही काळाच्या ओघात पिवळा पडला. याझदानींचा चार भागांतील ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात पूर्ण झाला.

२४/ अजिंठ्याची हाक जपानपर्यंत गेली होती. अराई कांपो हा चित्रकार १९१६ मध्ये कलकत्त्यास आला, नंदलालांचा मित्र झाला आणि त्यानंतर त्याने सहकाऱ्यांसह अजिंठ्यात प्रती केल्या. त्या प्रती १९२३ च्या तोक्योच्या भूकंपानंतरच्या आगीत नष्ट झाल्या. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत कांपो नारा येथील होर्युजी मठाच्या भित्तिचित्रांच्या प्रती करत होता. १९४५ मध्ये तो वारला. २६ जानेवारी १९४९ रोजी, प्रतींचे काम चालू असतानाच, होर्युजीच्या मुख्य मंदिरातील मूळ चित्रे आगीत होरपळली. तेथे मूळ गेले आणि प्रती उरल्या. अजिंठ्यात नेमके उलटे घडले.

२५/ मराठी मुलखातही धागा तुटला नव्हता. मुंबईच्या कलाशाळेचे प्राचार्य ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९१९ नंतर भित्तिचित्रांच्या वर्गाला महत्त्व दिले आणि अजिंठ्याच्या रेषेवर आधारलेली पुनरुज्जीवनवादी शैली तेथे रुजवली. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३२ मध्ये अजिंठ्यावर परिचयग्रंथ प्रसिद्ध केला. १९३६ च्या अखेरीस अमृता शेरगिल अजिंठ्याला आल्या आणि त्यांच्या नंतरच्या चित्रांतील रंग व आकृती बदलल्या.

२६/ मग हिशोब काय? नुकसान स्पष्ट आहे : वॉर्निश, कोरलेली नावे, परदेशात जळालेल्या प्रती, आणि नोंदीत बारीक अक्षरांत राहिलेले विद्यार्थी. लाभही स्पष्ट आहे. त्या काळानंतर भिंतींवरून गळून पडलेले अनेक तपशील आज केवळ त्या प्रतींवरूनच कळतात. शिवाय आधुनिक भारतीय चित्रकलेला एक शाळा मिळाली. एका बाजूचा आकडा दुसऱ्या बाजूतून वजा करता येत नाही. दोन्ही एकाच कृतीची फळे आहेत, हे मान्य करूनच हा इतिहास वाचावा लागतो.

२७/ आज अजिंठा १९८३ पासून जागतिक वारसास्थळ आहे. चित्रांच्या लेण्यांत एका वेळी किती जणांनी जावे, यावर मर्यादा आहे. कारण माणसाचा श्वास आणि घामही त्या गिलाव्याला बाधतात. पर्यटक केंद्रासाठी लेणी १, २, १६ आणि १७ यांच्या प्रतिकृती उभारल्या गेल्या. विहारात मुक्काम करणे आता कायद्याने आणि विवेकाने, दोन्ही अर्थांनी अशक्य आहे. आणि येथेच फर्दापूरच्या तंबूंचा धडा उपयोगी पडतो. त्या छावणीत निवास गावाजवळ होता आणि काम लेण्यांत. सहवासासाठी वास्तूच ताब्यात घ्यावी लागते असे नाही. तिच्या शेजारी राहता येते.

२८/ म्हणून पुन्हा पवनी. जगन्नाथ टेकडीच्या स्तूपाला कार्यशाळा करता येणार नाही, करूही नये. पण ज्या जिल्ह्यात भंडाऱ्याची पितळी भांडी घडतात, मोहाडी परिसरात कोशाचे रेशीम विणले जाते आणि दंडारीची रात्र अजून जागते, तेथे स्तूपाच्या सावलीबाहेर, गावातच कलावंतांनी काही आठवडे एकत्र राहणे अशक्य नाही. कठड्यावरील दात्यांनी प्रत्येकी एक दगड दिला आणि त्यातून सर्वांचे स्थान उभे राहिले. अजिंठ्याच्या दोन आगींनी तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगितली : जे एकाच्या हाती आणि एकाच छपराखाली ठेवले ते गेले, जे अनेकांत वाटले गेले ते उरले.